पळाल्यानं ताकद जाते का? सोळाशे मीटर, गोळा आणि मधला दिवस

भाचा पोलीस भरतीची तयारी करतोय. पहाटे साडेचारला ग्राउंड, दिवसभर अभ्यासिका, संध्याकाळी जिम. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला तेव्हा पोरगं पार वैतागलेलं होतं. "मामा, अकादमीतले सर म्हणतात जिम बंद कर, अंग जड होईल, सोळाशेचं टायमिंग जाईल. जिममधला दादा म्हणतो एवढा पळत राहिलास तर मांड्या वितळतील, मग गोळा काय डोंबल जाणार? मी ऐकू कुणाचं?"

प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. महाराष्ट्र पोलीस शिपाई पदाची मैदानी चाचणी ५० गुणांची असते. मुलांना १६०० मीटरला २० गुण, १०० मीटरला १५ आणि ७.२६० किलोच्या गोळ्याला १५. मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि ४ किलोचा गोळा. म्हणजे सरकारला एकाच अंगात दम, वेग आणि ताकद तिन्ही हवंय. तिकडे २०२५ मध्ये हायरॉक्स नावाची स्पर्धा मुंबईत आली. एक किलोमीटर पळायचं, मग ताकदीचं एक काम, कधी वजन लादलेली स्लेज म्हणजे घसरगाडी ढकलायची, कधी दुसरं काही ओढायचं-उचलायचं, असं आठ वेळा. भरतीची पोरं जे नोकरीसाठी करतात ते ही मंडळी फी भरून करतात, एवढाच काय तो फरक. तेव्हापासून जिमच्या फलकांवर 'हिट अधिक स्ट्रेंथ' अशा बॅचेस झळकायला लागल्या आहेत.

तर जोराचं पळणं आणि वजनं उचलणं, दोन्ही एकत्र करावं का? करावं. सर आणि दादा दोघंही अर्धे बरोबर आहेत, पण दोघांपैकी कुणीच पोराला हे विचारलं नाही की बाबा, तू झोपतोस कधी?

## हिट कशाला म्हणायचं

हिट म्हणजे हाय-इंटेन्सिटी इंटरव्हल ट्रेनिंग. थोडा वेळ जीव तोडून, मग श्वास खाली येण्यापुरती उसंत, पुन्हा जीव तोडून. नाव नवं असलं तरी प्रकार जुना आहे. जर्मन प्रशिक्षक वोल्डेमार गेर्शलर १९३०च्या दशकात खेळाडूच्या हृदयाचे ठोके मोजून फेऱ्या आखायचे. त्यांच्या रुडॉल्फ हार्बिग या शिष्यानं १९३९ मध्ये ८०० मीटर १ मिनिट ४६.६ सेकंदांत पळून विश्वविक्रम केला. चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक चारशे मीटरच्या फेऱ्या डझनांनी मारायचा. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये पाच हजार, दहा हजार आणि मॅरेथॉन अशी तिन्ही सुवर्णपदकं त्यानं नेली. (त्याच हेलसिंकीत आपल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्य मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. पैलवानांकडे पुढे यायचंच आहे.)

आता मोबाइलवर 'टबाटा' नावाची ॲप्स असतात. वीस सेकंद उड्या, दहा सेकंद थांबा, आठ वेळा. मूळ प्रयोग जपानच्या इझुमी टबाटांचा, १९९६ साली छापलेला. त्यात तरुण खेळाडू बसल्या जागच्या सायकलवर होते आणि सात-आठ फेऱ्यांत पाय उचलेनासे व्हावेत इतका जोर त्यांना लावायला लागायचा. सहा आठवड्यांत त्यांचा दमही वाढला आणि ऑक्सिजन कमी पडत असताना काम करण्याची क्षमता २८ टक्क्यांनी वाढली. तासभर मध्यम वेगानं सायकल मारणाऱ्या दुसऱ्या गटाचा फक्त दम वाढला. घरात टीव्हीसमोर आठ फेऱ्या मारून लगेच फोनवर गप्पा मारता येत असतील, तर तो टबाटा नाही. वाईट नाही, पण हिटही नाही.

'दम' हा शब्द इथून पुढे एकाच अर्थानं वापरतो: शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं तो आकडा. शास्त्रात त्याला व्हीओटू मॅक्स म्हणतात. तो वाढवायची बरीच तपासलेली एक पद्धत नॉर्वेची आहे. चार मिनिटं जोरात, तीन मिनिटं हळू, असं चारदा. जोरात म्हणजे हृदयाच्या कमाल ठोक्यांच्या ९० ते ९५ टक्के. कमाल ठोके ढोबळमानानं २२० वजा वय, म्हणजे विशीतल्या पोराचे दोनशे आणि त्याचे नव्वद टक्के एकशे ऐंशी. घड्याळ नसेल तर तोंड वापरा. पूर्ण वाक्य बोलता येतंय तोवर हिट सुरू झालेलं नाही. 'हो', 'नाही', 'थांब' एवढेच शब्द निघायला लागले की समजा सुरू झालं.

## वजनं उचलल्यावर आत काय होतं

पहिले काही आठवडे ताकद वाढते ती बरीचशी मेंदू आणि नसांमुळे. स्नायू तेवढाच असतो, पण त्यातले जास्त धागे एकदम कामाला लावायला शरीर शिकतं. म्हणून नवखा माणूस महिन्याभरात स्क्वॉटचं, म्हणजे खांद्यावर बार घेऊन मारलेल्या बैठकांचं, वजन भराभर वाढवतो आणि आरशात मात्र तोच दिसतो. स्नायू जाड व्हायचं काम त्यामागून हळूहळू चालतं, आणि ते जिममध्ये होतच नाही. जिममध्ये फक्त ऑर्डर जाते. बांधकाम पुढच्या दीड-दोन दिवसांत होतं, जेवणातल्या प्रथिनांतून आणि बरंचसं झोपेत.

घर बांधलेल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. स्लॅब ओतला की आपण वर आळी करून पाणी साठवतो, दिवसेंदिवस पाणी मारतो. वरून काहीच होताना दिसत नाही, पण स्लॅब पक्का होतो तो याच दिवसांत. दुसऱ्याच दिवशी कुणी त्यावर विटांचा ट्रॅक्टर रिकामा केला, तर गवंडी शिव्या घालेल.

वजनांचा दिवस म्हणजे स्लॅब. लगोलग त्याच मांड्यांवर केलेलं हिट म्हणजे विटांचा ट्रॅक्टर. सगळा वाद एवढाच आहे. पण ट्रॅक्टर नेमका कधी आणि किती जड असेल तर स्लॅबला तडा जातो, हे मोजायला एका अमेरिकन माणसाला स्वतःची ताकद घालवावी लागली.

## रॉबर्ट हिक्सनची गोष्ट

हा शास्त्रज्ञ वजनं उचलणारा गडी. सेंट लुईसमध्ये त्याचे वरिष्ठ होते जॉन होलोझी, सहनशक्तीच्या व्यायामावर संशोधन करणारं मोठं नाव आणि स्वतः रोज पळणारे. असं सांगतात, की साहेबांबरोबर पळायला जायला लागल्यावर हिक्सनच्या लक्षात आलं की आपली ताकद घटतेय. दुसऱ्या कुणी पळणं सोडलं असतं, यानं प्रयोग मांडला. तो १९८०मध्ये प्रसिद्ध झाला आणि आज जिममधला दादा जे सांगतो, त्याचं मूळ बरंचसं तिथे आहे, दादाला ठाऊक नसलं तरी.

तीन गट, दहा आठवडे. पहिल्यानं फक्त पायांच्या ताकदीचा व्यायाम केला, आठवड्यातून पाच दिवस. दुसऱ्यानं फक्त दम वाढवणारा, सहा दिवस. तिसऱ्यानं दोन्ही. ताकदवाल्यांची ताकद सुमारे ४४ टक्के वाढली. दोन्ही करणाऱ्यांची सात आठवडे जवळपास तशीच वाढत गेली, मग थांबली आणि शेवटच्या दोन आठवड्यांत चक्क खाली आली. अखेरीस वाढ उरली २५ टक्क्यांच्या आसपास. दम मात्र दोन्ही करणाऱ्यांचा कुठेही अडला नाही, फक्त पळणाऱ्यांइतकाच वाढला.

यातून सरांचा मुद्दा निकालात निघतो. वजनं उचलल्यानं दम जात नाही.

आता दादाचा मुद्दा. हिक्सनच्या दुसऱ्या गटाचा व्यायाम काय होता? एक दिवस सायकलवर पाच-पाच मिनिटांच्या सहा फेऱ्या जवळजवळ पूर्ण जोरानं, दुसऱ्या दिवशी शक्य तितक्या वेगानं अर्धा-पाऊण तास पळणं, असं आलटून पालटून. आजच्या भाषेत बोलायचं तर सहाही दिवस हिट किंवा त्याचा सख्खा भाऊ. दोन्ही करणाऱ्या तिसऱ्या गटाला त्यात पाच दिवस पायांची वजनं. एकाच मांड्यांवर आठवड्याला अकरा जड सत्रं! तरीसुद्धा सात आठवडे ताकद वाढत होती, मला याचंच जास्त नवल वाटतं. या प्रयोगाचा निष्कर्ष लोक 'पळू नका' असा सांगतात. मला तो 'आठवड्याला अकरा वेळा पाय मारू नका' असा दिसतो.

## आतलं भांडण

पुढे पेशीतली दोन प्रथिनं चर्चेत आली. एक एमटॉर, जे स्नायू बांधायचा हुकूम देतं. दुसरं एएमपीके, जे इंधन संपत आलं की खर्च थांबवायला सांगतं. घरात एक जण 'बांधा' म्हणतो, दुसरा 'आधी उधारी बघा' म्हणतो, तसं. प्रयोगशाळेत दुसरा पहिल्याचं तोंड बंद करू शकतो असं दिसलं आणि इंटरनेटवर त्याचं 'स्विच' झालं: पळालात की स्नायूंचं बटण बंद. जिवंत माणसात मामला इतका कोरडा नाही. नियमित व्यायाम करणाऱ्यात, पोटभर जेवलेल्या माणसात हे भांडण फार लांबत नाही. ही दोन नावं आता विसरलात तरी चालेल.

भाच्याच्या कामाचा कागद २०२२चा आहे. ४३ अभ्यास एकत्र करून केलेल्या पाहणीत दिसलं, की दोन्ही व्यायाम एकत्र केल्यानं स्नायूंचा आकार घटत नाही आणि जास्तीत जास्त वजन उचलण्याची ताकदही घटत नाही. थोडा फटका बसतो तो स्फोटक ताकदीला, म्हणजे क्षणात झटका देणाऱ्या ताकदीला. आणि तो बसतो मुख्यतः दोन्ही एकाच सत्रात उरकल्यावर.

आता पुन्हा भरतीचा तक्ता बघा. गोळा फेकणं आणि शंभर मीटर या दोन्ही गोष्टी म्हणजे निव्वळ झटका. ५० पैकी ३० गुण झटक्याचे आहेत. सोळाशेच्या फेऱ्या मारून लोळागोळा झाल्यावर 'चल, आता गोळा टाकू' म्हणणारी पोरं मी दर मैदानावर बघतो. त्यांचा गोळा वाढत नाही तो मांड्या वितळल्या म्हणून नव्हे. थकलेल्या अंगानं ती रोज हळू गोळा टाकायचाच सराव करत असतात.

## पळणंच का खुपतं, सायकल का नाही

२०१२च्या अशाच एका एकत्रित पाहणीत आढळलं, की वजनांच्या जोडीला पळणं असेल तर पायांच्या ताकदीला जास्त धक्का बसतो, सायकल असेल तर कमी. कारण सिंहगड उतरलेल्या कुणालाही विचारा. चढताना धाप लागते, पण दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागतो तो उतरणीमुळे. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच अंगाचं वजन पेलत असतो, आणि त्या प्रकारच्या कामात त्याचे धागे जास्त दुखावतात. पळताना प्रत्येक पाऊल जमिनीवर आदळतं तेव्हा हेच थोडं थोडं होतं. सायकलवर आदळणं नाही.

म्हणून ज्याला पळायची परीक्षा द्यायची नाही, नुसता दम वाढवायचाय, त्यानं हिट सायकलवर करावं किंवा टेकडी वर पळत जाऊन खाली चालत यावं. भरतीच्या पोराला पळण्यावाचून गत्यंतर नाही, पण आठवड्यातल्या दोनपैकी एक हिट चढावर केलं तर पाय बरेच वाचतात.

## मग आठवडा बसवायचा कसा

पहिली गोष्ट मधल्या वेळेची. जड वजनं आणि हिट यांच्यात एक रात्र आणि दोन-तीन जेवणं गेलेली उत्तम. एकाच दिवशी करायची वेळ आलीच तर निदान सहा तास सोडा, सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरं. अगदी एकाच सत्रात उरकायचं असेल, तर जे जास्त महत्त्वाचं ते आधी, ताज्या अंगानं. ट्रेडमिलवर वीस मिनिटं फेस काढून मग बारखाली जाणं हा क्रम मला कधीच कळलेला नाही. अंग तापवायला पाच-सात मिनिटं हलकं पळणं पुरतं.

भाच्याला मी जो आठवडा लिहून दिला तो असा. रविवारची सुट्टी झाल्यावर सोमवारी अंग सगळ्यात ताजं असतं, म्हणून आधी पंधरा-वीस वेळा गोळा, मग स्क्वॉट, डेडलिफ्ट (जमिनीवरचा बार उभं राहत उचलणं), खांद्याचा प्रेस (बार डोक्यावर ढकलणं), प्रत्येकी तीन-चार सेट, एका सेटमध्ये पाच-सहा वेळा उचलायचं, आणि शेवटच्या वेळेनंतरही एक-दोनदा उचलता येईल इतकं वजन. मंगळवारी अर्धा-पाऊण तास गप्पा मारत पळणं. बुधवारी हिट, म्हणजे चारशेच्या फेऱ्या. गुरुवारी काही नाही. शुक्रवारी आधी शंभरच्या चार-पाच धावा, प्रत्येकीनंतर पूर्ण श्वास खाली येईपर्यंत विश्रांती, मग वजनं, पण पायांचं थोडं कमी. शनिवारी चढावर हिट. रविवारी झोप, कपडे धुणं आणि आईला फोन.

चारशेच्या फेऱ्यांचं गणित सोपं आहे. सोळाशेत पूर्ण गुण हवे तर ५ मिनिटं १० सेकंद, म्हणजे चारशेची एक फेरी साडेसत्त्याहत्तर सेकंदांत. (निकष बदलू शकतात, त्या वर्षीची जाहिरात बघूनच घ्या.) आज सहा मिनिटं लागणाऱ्या पोरानं पहिल्याच दिवशी सत्त्याहत्तरच्या मागे लागू नये. त्याची आजची फेरी नव्वदची आहे. त्यानं सत्त्याऐंशी-पंच्याऐंशीच्या पाच फेऱ्या माराव्यात, मध्ये दोन मिनिटं चालावं आणि पाचही फेऱ्या सारख्या येतायत का ते बघावं. पहिली सत्त्याहत्तर आणि पाचवी शंभर, हा सराव नव्हे, मारामारी आहे.

"एवढंच?" भाच्यानं विचारलं होतं. दोन दिवस वजनं, दोन दिवस हिट त्याला कमी वाटले. बाकीची पोरं सहा दिवस मरतात, तो चार दिवस मरणार, म्हणजे मागे पडणार, असा त्याचा हिशोब. हिट सत्रांचा फायदा दोन-तीनपर्यंत मिळतो, पुढे फक्त थकवा साठतो. आणि चौथा-पाचवा आठवडा आला की वजनं आणि फेऱ्या दोन्ही निम्म्यावर आणून एक आठवडा हलका काढावा. हा सल्ला सगळ्यात कमी पाळला जातो.

## ग्राउंडला तर सगळं एकाच दिवशी असतं!

बरोबर, आणि हा आक्षेप चांगला आहे. चाचणीत धावणं आणि गोळा सहसा एकाच दिवशी उरकतात, क्रमही आपल्या हातात नसतो. मग सराव वेगवेगळा का? कारण सरावात आपण बांधतो, परीक्षेत दाखवतो. स्लॅबवर भार शेवटी पडणारच असतो, पण तो पक्का झाल्यावर. दोन-तीन आठवड्यांतून एकदा तिन्ही प्रकार एकाच सकाळी करून बघा, आकडे लिहून ठेवा. रोज परीक्षा देऊन कुणी पाठांतर करत नाही.

## आणि आमचे पैलवान?

हे ऐकवणारे काका प्रत्येक गावात असतात. "आमच्या तालमीत पहाटे जोर, बैठका, मग हौदा खणायचा, मग कुस्त्या, मग पळायला. कुणाची ताकद गेली?" काकांचं खरं आहे. कुस्ती हे हिट आणि वजनांचं सगळ्यात जुनं लग्न असेल. फ्रीस्टाइलची लढत आज तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची, मध्ये तीस सेकंद. समोर उचलायला माणसाएवढंच वजन, आणि ते गप्प पडून राहत नाही.

पण तालमीचा बाकीचा दिवस काका सांगत नाहीत. पैलवान सकाळच्या मेहनतीनंतर थंडाई प्यायचा, जेवायचा आणि झोपायचा. दुपारी मालिश. त्याला अभ्यासिकेत आठ तास बसायचं नव्हतं, की सेकंड शिफ्टला जायचं नव्हतं. आणि हजार बैठका तो पहिल्या दिवशी मारत नव्हता. लहानपणापासून वर्षानुवर्षं वाढवत तिथे पोचायचा. आपण त्याची मेहनत घेतो आणि दुपारची झोप सोडून देतो.

## डब्यात काय आहे

निम्मी भांडणं इथे मिटतात. सर्वसाधारण माणसाला दिवसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात, असं आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेची शिफारस सांगते. वजनं उचलणाऱ्याला साधारण १.६ ग्रॅमपर्यंत फायदा होतो. भाचा साठ किलोचा, म्हणजे ९६ ग्रॅम. मेसच्या डब्यातली पातळ आमटी आणि चार पोळ्या तिथे पोचत नाहीत. पावडरचा डबा घ्यायलाच हवा असंही नाही. चार अंडी म्हणजे पंचवीसच्या आसपास, पन्नास ग्रॅम कोरडे सोयाचंक साधारण पंचवीस, अर्धा लिटर दूध सोळा, पन्नास ग्रॅम शेंगदाणे बारा-तेरा. अंडी खात नसाल तर पनीर, मोड आलेली कडधान्यं, दही वाढवा. उरलेलं डाळ-भाकरीतून येतं.

आणि भात-भाकरी सोडू नका. हिट चालतं ते स्नायूंत साठवलेल्या साखरेवर, ग्लायकोजेनवर. ती गच्चीवरची टाकी आहे आणि ती भरते धान्यातूनच. 'कार्ब्स बंद' करून आठवड्याला तीन हिट करणारे लोक मला भेटतात. टाकी रिकामी ठेवून नळाला शिव्या देतात.

पोट कमी करायला हिट करणाऱ्यांना एक निरोप. व्यायाम संपल्यावरही तासन्‌तास चरबी जळत राहते, हे जाहिरातीत मोठं करून सांगतात. जळते, पण फार थोडी. हिटचा खरा फायदा दम आणि वेळेची बचत. पोटाचा हिशोब ताटात होतो.

## जिममध्ये हार्ट अटॅक येतो त्याचं काय

घरातले हाच प्रश्न आधी विचारतात. कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार २०२१मध्ये व्यायामानंतर अस्वस्थ वाटून गेले, वय ४६. तेव्हापासून अशी प्रत्येक बातमी व्हॉट्सॲपवर फिरते. भरतीच्या मैदानांवर उमेदवार कोसळल्याच्या बातम्याही आपण वाचल्या आहेत.

इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्चनं १८ ते ४५ वयोगटातल्या अचानक मृत्यूंचा अभ्यास केला, तो २०२३मध्ये आला. कोविड लशीमुळे धोका वाढल्याचं त्यात दिसलं नाही. धोका वाढवणाऱ्या गोष्टींत होत्या घरात कुणाचा अचानक मृत्यू झालेला असणं, कोविडनं रुग्णालयात भरती व्हावं लागलेलं असणं, मृत्यूच्या आधीच्या ४८ तासांत भरमसाट दारू, नशेचे पदार्थ आणि, हो, अतिश्रमाचा व्यायाम. म्हणजे व्यायाम यादीत आहे. ते लपवण्यात अर्थ नाही. नियमित व्यायामानं हृदय वर्षानुवर्षं सुरक्षित होतं आणि अतिश्रमाच्या त्या तासापुरता धोका थोडा वाढतो, हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे. सवय नसलेल्या माणसात तो जास्त वाढतो.

म्हणून चाळिशीपुढच्यांनी, रक्तदाब-मधुमेह असणाऱ्यांनी, घरात लवकर हृदयविकार झालेल्यांनी हिटच्या आधी डॉक्टरांना भेटावं. सगळ्यांनीच आधी दोन महिने भरभर चालून, हलकं पळून पाया घालावा. व्यायाम करताना छातीत दाब, जबडा किंवा डाव्या हातात कळ, डोळ्यांपुढे अंधारी आली तर थांबायचं. 'एक सेट राहिलाय' म्हणायचं नाही. ताप असताना हिट नाही. रात्री पार्टी झाली असेल तर सकाळी चालायला जा.

आणि एक खूण फारशी कुणी सांगत नाही. खूप दिवसांनी एकदम बेफाम व्यायाम केल्यावर एक-दोन दिवसांत अंग भयंकर सुजून दुखायला लागलं आणि लघवी काळ्या चहासारखी झाली, तर तडक रुग्णालय गाठा. स्नायू फुटून त्यातला ऐवज मूत्रपिंडात अडकत असतो. पहिल्याच दिवशी पाचशे बैठकांची पैज लावणाऱ्यांवर ही वेळ येते. मे महिन्यात, ऊन चढल्यावर, कमी पाणी पिऊन, तर जास्तच.

## आणि मी काय करू?

हे भाच्याच्या आईनं, माझ्या ताईनं फोन हिसकावून विचारलं. वय ४७, गुडघा कुरकुरतो, पाऊण तास चालण्यापलीकडे व्यायाम नाही. जागतिक आरोग्य संघटनेची २०२०ची शिफारस मोठ्यांसाठी अशी आहे: आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं मध्यम व्यायाम किंवा त्याच्या निम्मा वेळ जोराचा, आणि शिवाय दोन दिवस स्नायू बळकट करणारं काहीतरी. आपल्याकडे बायका चालतात, 'शिवाय' गळून जातं. मासिक पाळी थांबायच्या सुमारास हाडं झपाट्यानं ठिसूळ व्हायला लागतात, आणि त्यांना घट्ट धरायला वजनांचा ताण उपयोगी पडतो. ताईला दोन दिवस डंबेल आणि खुर्चीवरून उठबस सांगितली, गुडघ्याच्या डॉक्टरांना विचारून. हिट एकच दिवस, बसल्या जागच्या सायकलवर, एक मिनिट जोरात आणि एक मिनिट हळू, सुरुवातीला चारदाच. तिनं विचारलं, दंड पुरुषासारखे होतील का? भाच्याचे तीन वर्षं झाले तरी होत नाहीत, ताई, तुझे कुठून होणार.

## तारीख आली की

भाच्याचं ग्राउंड आता दहा दिवसांवर आहे. या दिवसांत ताकद किंवा दम वाढत नाही, फक्त थकवा उतरवता येतो. वजनं तेवढीच, पण सेट निम्मे, आणि शेवटचे चार-पाच दिवस बार नाहीच. फेऱ्या पूर्वीच्याच वेगानं, पण पाचाऐवजी दोन-तीन. गोळा रोज पाच-सहा वेळा, झटका जागा ठेवण्यापुरता. जेवणात नवा पदार्थ नाही, सप्लिमेंट नाही, मित्रानं दिलेली गोळी तर मुळीच नाही. चाचणीच्या सकाळी उपाशी जायचं नाही, तासभर आधी केळं आणि पाणी.

काल त्यानं विचारलं, नवे स्पाइक्स घेऊ का? मी म्हटलं, त्याच जुन्या बुटांत पळ, फक्त नाड्या नव्या घाल.